शेजारच्यांचा व्यायाम आपल्या कंबरेला का चालत नाही

मी फिजिओथेरपिस्ट. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्याकडे पाठोपाठ दोन पेशंट आले. पहिला तिशीतला मुलगा, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, रोजचं जाणं-येणं टू-व्हीलरवर. कंबर दुखत होतीच, पण त्याला जास्त छळत होता उजवा पाय. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. बसलं की वाढायची, चार पावलं फिरलं की जरा उतरायची.

दुसऱ्या सदाशिव पेठेतल्या आजी, वय बहात्तर. त्यांचंही दुखणं कंबर आणि पायांचंच, पण वागणं नेमकं उलटं. बसल्या की काही त्रास नाही. मंडईकडे चालत निघाल्या की अर्ध्या वाटेत दोन्ही पाय शिशासारखे जड व्हायचे आणि कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागायचं. दोन मिनिटं बसलं की पुन्हा चालता यायचं.

दोघांच्या मोबाइलमध्ये एकाच धाटणीचे व्हिडिओ होते, कंबरदुखीवरच्या व्यायामांचे, आणि दोन्हींत सुरुवातीलाच भुजंगासन. मुलाला त्याने बरं वाटत होतं. आजींना मात्र आठवडाभर ते केल्यावर वाड्याचा जिना उतरणं जड जायला लागलं. त्या म्हणाल्या, "अगं, सुनेच्या मैत्रिणीला याच व्यायामाने गुण आला. माझंच काही चुकतंय का?"

त्या आसन अगदी व्यवस्थित करत होत्या. ते त्यांच्या दुखण्यासाठी नव्हतं, एवढंच. 'कंबरदुखीवर व्यायाम करा' हा सल्ला 'तापावर गोळी घ्या' म्हणण्याइतकाच अर्धा आहे. ताप डेंग्यूचा की टायफॉइडचा हे कळल्याशिवाय डॉक्टर औषध लिहीत नाहीत. व्यायामाचंही तसंच आहे. कोणता, कुठल्या दिशेला, किती वेळा आणि कधी थांबायचं, हे दुखणं कसं वागतं त्यावर ठरतं.

आत नेमकं काय होतं

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचं बाहेरचं कडं कांद्याच्या पापुद्र्यांसारखं थरांचं आणि चिवट, आत ओलसर, घट्ट जेलीसारखा गाभा. सारण भरलेल्या पोळीची एक कड दाबली की सारण दुसऱ्या कडेला सरकतं, साधारण तसंच इथे होतं. आपण पुढे वाकतो तेव्हा गादीची पुढची कड दाबली जाते आणि गाभ्याचा जोर मागच्या कडेवर येतो. मागेच पायाकडे जाणाऱ्या नसांची मुळं असतात. कडं कमजोर होऊन गाभा मागे फुगला किंवा बाहेर आला, तर त्या मुळाला दाब आणि सूज दोन्ही सोसावं लागतं. दुखतं मात्र पायात, कारण ती नस पायाची असते. बहुतेकदा हे शेवटच्या दोन गाद्यांमध्ये घडतं, कारण वाकण्याचा आणि वजनाचा मोठा भार तिथेच येतो. याला आपण सायटिका म्हणतो. कोथरूडच्या मुलाचं हेच झालं होतं.

आजींची गोष्ट वेगळी. वयानुसार गादीची उंची कमी होते, मागचे छोटे सांधे जाड होतात, मणक्यांना बांधणारी आतली पट्टीही जाड होते. नसा ज्या बोगद्यातून जातात तो अरुंद होत जातो. मागे वाकलं की बोगदा आणखी आवळतो, पुढे वाकलं की थोडा मोकळा होतो. उभं राहून चालताना कंबर किंचित मागे वाकलेली असते, म्हणून चालताना पाय जड होतात आणि बसलं की सुटतात. मी आजींना विचारलं, "डी-मार्टमध्ये ट्रॉली ढकलताना कसं वाटतं?" त्या चमकल्याच. "तिथे मी तासभर फिरते गं, काही होत नाही!" ट्रॉलीच्या दांड्यावर हात टेकले की माणूस आपसूक पुढे झुकतो आणि बोगदा मोकळा होतो. हा प्रश्न मी प्रत्येक साठीपुढच्या पेशंटला विचारते. त्याचं उत्तर पुष्कळदा रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातं.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात. फरक असा की त्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकण्या-बसण्याची गरज लागत नाही, आणि सायकल चालवतानाही पाय दुखतो. म्हणून घोट्याजवळची नाडी तपासूनच पुढे जायचं.

इथे 'गॅप'बद्दलही बोलायला हवं. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य पुण्यात घरोघरी ऐकू येतं आणि ते ऐकून माणूस निम्मा खचतो. आपले मणके सुटे होऊन मध्ये फट पडली आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. खरं तर रिपोर्टमध्ये बहुधा लिहिलेलं असतं ते याच्या उलट: दोन मणक्यांतलं अंतर कमी झालंय. आणि तेही आजार असेलच असं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबरेचं काहीच दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे एमआरआयमध्ये दिसलेला प्रत्येक फुगवटा दुखण्याचं कारण नसतो. केस पांढरे व्हावेत तशी गादीही वयाबरोबर बदलते. एमआरआय निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ऑपरेशनचा विचार असेल किंवा काही गंभीर शंका असेल तर तो हवाच. पण व्यायाम ठरवायला नुसता तो पुरत नाही.

दिशा शोधणं

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. कंबर आणि पाय दुखणाऱ्या एका पेशंटला त्यांनी आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी वर उचललेली होती, ती तशीच राहून गेली. पेशंट त्या उंच बाजूवर छाती टेकून, कंबर चांगली मागे वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटं पडून राहिला. मॅकेन्झी परत आले आणि घाबरले, कारण त्या काळी ही स्थिती घातक मानली जायची. पेशंट म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं, पायातली कळ गेली.

त्या प्रसंगावरून मॅकेन्झींनी पुढे एक पद्धतच उभी केली. तिचा गाभा असा: कंबर एका दिशेने वारंवार हलवायची आणि दुखणं कुठे सरकतं ते पाहायचं. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आणि तिथून कंबरेत गोळा होऊ लागली, तर दिशा बरोबर. त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालतं. कळ उलटी खाली उतरू लागली, पोटरीत नव्हती ती पावलात पोहोचली, तर दिशा चुकली, तिथेच थांबायचं. हे एक लक्षण प्रत्येक सायटिकाच्या पेशंटने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पायातलं दुखणं कमी आणि कंबरेतलं थोडं जास्त झालं की लोक घाबरून व्यायाम सोडतात, आणि नेमका तेव्हाच तो लागू पडत असतो.

मुलाची दिशा मागे वाकण्याची निघाली. पहिले दोन दिवस त्याने फक्त पालथं पडून राहायचं होतं, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मग कोपरांवर छाती उचलून. ते सोसल्यावर तळवे खांद्यांखाली ठेवून हात सरळ करायचे, छाती वर न्यायची, पण कंबर आणि कुल्ले सैल, जमिनीकडे लोंबू द्यायचे. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. दिसायला हे भुजंगासनासारखंच आहे. फरक जोर कुठला लावायचा यात आहे. आसनात पाठीचे स्नायू शरीर उचलतात, इथे सगळं काम हातांनी करायचं आणि पाठ ढिली सोडायची. प्रत्येक गादीच्या दुखण्याला हीच दिशा लागू पडते असंही नाही. काहींना आधी कंबर बाजूला सरकवून घ्यावी लागते. शरीर एका बाजूला झुकलेलं दिसत असेल तर तो विचार पहिला.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. सकाळी उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकायचं नाही. रात्रभर आडवं पडल्याने गादी पाणी शोषून फुगते. आपण सकाळी एखाद सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. १९९८ सालच्या एका अभ्यासात फक्त हे सकाळी न वाकण्याचं पथ्य पाळूनही जुनी कंबरदुखी कमी झाली होती. त्यामुळे उठल्याउठल्या बादली उचलणं, अंगणात वाकून रांगोळी काढणं किंवा सूर्यनमस्कार घालणं, हे दुखऱ्या काळात जरा उशिरा. दुसरी गोष्ट गाडीची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तास-तास पोक काढून बसणं आणि वर स्पीडब्रेकरचे दणके. वाटेत एकदा गाडी बाजूला लावायची, उतरायचं, कंबरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे वाकायचं, मग पुढे. ऑफिसमध्ये दर अर्ध्या-पाऊण तासाने तेच.

कळ मांडीच्या वर आल्यावर नसेचा व्यायाम सुरू केला. नस ही आजूबाजूच्या स्नायूंमधून घसरणारी दोरी असते, ती सुजेमुळे चिकटल्यासारखी होते. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर करायची, गुडघा वाकवताना मान खाली. एका टोकाला ताण आला की दुसऱ्या टोकाला ढील मिळते आणि नस पुढे-मागे सरकते. दहा-पंधरा वेळा, कुठेही न थांबता. दुखऱ्या नसेला पाय वर धरून खेचत बसणं मात्र टाळा. चिडलेली नस ताणाने आणखी चिडते.

आजींची दिशा पुढे वाकण्याची. पण बहात्तराव्या वर्षी बाईंना पुढे वाकण्याचे व्यायाम देण्यापूर्वी हाडांची घनता पाहणं मी आवश्यक मानते. हाडं ठिसूळ असतील तर जोराने पुढे वाकताना मणका चेपू शकतो. त्यांचा रिपोर्ट ठीक आला, मग सुरुवात केली. उताणं झोपून एक गुडघा, मग दोन्ही गुडघे छातीशी, दहा ते वीस सेकंद. खुर्चीत बसून हळूहळू जमिनीकडे वाकणं. नातवाच्या व्यायामाच्या सायकलवर दहा मिनिटं, कारण सायकलवर माणूस झुकलेला असतो आणि पायांना चालण्याइतकंच काम मिळतं. चालण्याचा नियम असा की पाय जड होण्याची वाट पाहायची नाही. पाचव्या मिनिटाला जड होतात ना, मग चौथ्यालाच बसायचं, दोन मिनिटांनी पुन्हा निघायचं. दर आठवड्याला त्यात अर्धा-एक मिनिट वाढवायचं.

उसण भरली तर

बहुतेक कंबरदुखी या दोन्ही प्रकारांत बसत नाही. गॅसची टाकी सरकवताना चमक भरते, आठ दिवस कंबर धरते, पायात काही उतरत नाही. यात पूर्वी पंधरा-पंधरा दिवस झोपवून ठेवायचे. १९९५ मध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. काहींना अंथरुणावर विश्रांती, काहींना मागे व बाजूला वाकण्याचे व्यायाम आणि काहींना 'सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा' एवढंच सांगितलं. सगळ्यात लवकर बरे झाले ते तिसरे. म्हणजे ताज्या उसणीत पहिला उपचार घरात फिरत राहणं, शेक घेणं आणि न घाबरणं.

वारंवार उसण भरते त्यांना मात्र पोटाच्या घेराचे स्नायू तयार करावे लागतात. आपण हात उचलतो त्याच्या क्षणभर आधीच पोटाचा सर्वांत आतला स्नायू आवळतो आणि कंबर स्थिर करतो. कंबरदुखी असलेल्यांत हा स्नायू उशिरा जागा होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं. कॅनडातले स्टुअर्ट मॅगिल यांनी त्यासाठी तीन व्यायाम प्रचारात आणले आणि मीही बहुतेकांना तेच देते. उताणं झोपून, एक गुडघा वाकवून, कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जेमतेम इंचभर उचलणं. कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलून धरणं. आणि रांगण्याच्या स्थितीत एक हात व विरुद्ध पाय सरळ करणं, पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये अशा बेताने. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, त्याहून जास्त नाही. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. दोन-दोन मिनिटं प्लँक धरून घामाघूम होण्यापेक्षा हे कंबरेला जास्त मानवतं.

पुण्यात हा विषय निघाला की बी. के. एस. अय्यंगारांचं नाव येतंच. १९३७ साली ते पुण्यात आले आणि १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली. दोर, खुर्च्या, लोड, पट्टे यांचा आधार घेऊन आसन त्या त्या शरीराला बेतायचं, ही त्यांची दृष्टी मला फिजिओथेरपीच्या फार जवळची वाटते. अमेरिकेत २००५ मध्ये जुन्या कंबरदुखीवर या पद्धतीच्या १६ आठवड्यांच्या वर्गाचा अभ्यास झाला. दुखणं आणि गोळ्या दोन्ही कमी झाल्या. योगाला माझा विरोध नाही. शिकवणाऱ्याला तुमचं दुखणं ठाऊक असावं, इतकंच.

गुडघा, टाच, खांदा

"गुडघ्यातलं वंगण संपलं, आता चालू नकोस" असं सांगितलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा मला वाईट वाटतं. सांध्यावरच्या कुर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा दाबला जातो, सुटतो, तेव्हाच आतलं द्रव तिच्यात शिरतं आणि तिला पोषण मिळतं. चालणं पूर्ण बंद केलं तर कुर्चेचं खाणंच बंद होतं आणि मांडीचा स्नायू महिन्याभरात सुकायला लागतो. तोच गुडघ्याचा धक्के झेलणारा स्नायू. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना नाही पण उतरताना गुडघा दुखतो, सिंहगड उतरताना पाय लटपटतात, याचं कारण उतरताना हा स्नायू लांबत-लांबत शरीराला ब्रेक लावत असतो. तो कमजोर असेल तर भार सांध्यावर जातो.

म्हणून गुडघ्याला माझा आवडता व्यायाम अगदी घरगुती आहे: हात न लावता खुर्चीतून उठणं आणि तीन आकडे मोजत सावकाश बसणं. दहा-दहाचे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. दुखत असेल तर खुर्चीवर दोन उशा टाकून उंची वाढवा, महिन्याने एक काढा. वजन जास्त असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा: अंगावरचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

टाचेची दुखणी आमच्याकडे आषाढात वाढतात. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस पालख्या पुण्यात आल्या की उत्साहाने माउलींबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जातो, एका दिवसात तीस किलोमीटरच्या वर. श्रद्धेला तोड नाही, पण तळव्याच्या पट्ट्याला इतका भार एकदम झेपत नाही. मग सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचते. यासाठी डेन्मार्कमध्ये २०१५ साली अभ्यासलेला एक व्यायाम मी देते. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून ती वर वाकलेली ठेवायची. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. वारीला जायचं असेल तर चालण्याची सवय दोन महिने आधीपासून करा.

टाचेच्या मागच्या जाड कंडरेची, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या दोरीची, गोष्ट त्याहून सुरस आहे. स्वीडनमधले सर्जन हॉकन अल्फ्रेडसन यांची स्वतःचीच ती कंडरा दुखत होती. वरिष्ठांकडे त्यांनी ऑपरेशन मागितलं, त्यांनी नकार दिला. तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल, म्हणून ते टाच पायरीखाली उतरवण्याचा कठोर व्यायाम करत सुटले. आठवड्यांनंतर कंडरा तुटली तर नाहीच, दुखणंच थांबलं. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवर तोच व्यायाम करून पाहिला: पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. दुखऱ्या कंडरेला फक्त आराम दिला तर ती दुबळीच राहते, तिला मापात भार द्यावा लागतो, हे यानंतर जगभर मान्य होत गेलं. पोळ्या लाटून, कपडे पिळून किंवा तांबट आळीत दिवसभर हातोडा चालवून दुखणारं कोपरही याच न्यायाने बरं होतं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात, तळवा जमिनीकडे, दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचं आणि दुखऱ्या हाताने हळूहळू खाली सोडायचं.

खांदा आखडला असेल तर आधी साखर तपासा; मधुमेहींमध्ये हा त्रास बराच जास्त दिसतो. पहिल्या महिन्यांत, रात्री झोप मोडते तेव्हा, हात जोराने खेचायचा नाही. टेबलाला धरून वाकायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, बस. रात्रीचा ठणका थांबला की भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचे ताण सुरू करायचे. हे दुखणं वर्ष-दीड वर्षही घेतं, आणि ते आधीच सांगितलेलं बरं.

किती दुखलं तर चालेल

हा प्रश्न सगळे विचारतात. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, असं मोजा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर परत यायला हवं. आलं नाही तर फेरे किंवा वजन निम्मं करा; पूर्ण सोडू नका. दिशेच्या व्यायामाचा फरक दोन-चार दिवसांत कळतो. स्नायू भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, कंडरेला बारा. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडलेल्या व्यायामाला संधीच मिळालेली नसते.

मशीनबद्दल स्पष्ट लिहिते. शेक, विजेचे झटके, अल्ट्रासाउंड यांनी काही वेळ बरं वाटतं, आणि बरं वाटणं वाईट नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, त्यात व्यायाम, समजावून सांगणं आणि हाताने केलेले काही उपचार सुचवले आहेत; ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं), अल्ट्रासाउंड आणि कंबरेचे पट्टे नियमित वापरू नका म्हटलं आहे. माझ्या एका पेशंटला एका ठिकाणी तीस दिवसांचं मशीनचं पॅकेज विकलं गेलं होतं आणि एकही व्यायाम शिकवला नव्हता. तीस दिवसांनी ती तिथेच होती. फिजिओकडे जाल तेव्हा राज्य परिषदेची नोंदणी विचारा, आणि 'मला घरी काय करायचंय' हे पहिल्याच दिवशी विचारा.

आता व्यायामाआधी डॉक्टर गाठायची लक्षणं. लघवी किंवा शी यांवरचा ताबा गेला, लघवी अडली, मांड्यांच्या मधला बसण्याचा भाग बधिर झाला, तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे तास मोजले जातात. चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, पाऊल उचलत नाही, तर दोन-चार दिवसही थांबू नका. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम आणि महिनोन्‌महिने एकाच जागी दुखणारा मणका, यात मणक्याचा क्षयरोग असू शकतो, तो आपल्याकडे अजून आहे आणि औषधांनी बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, एकच पोटरी सुजून लाल-गरम झाली असेल, किंवा डाव्या हातात कळ येऊन घाम फुटत असेल, तर यातलं काहीही व्यायामाचं काम नाही.

आजी आता मंडईपर्यंत एकदाच बसतात, येताना रिक्षा करतात. बोगदा रुंद झालेला नाही, होणारही नाही. पाय तयार झालेत आणि कधी बसायचं ते त्यांना कळलंय.

मुलाच्या घरचे ऑपरेशनसाठी घाई करत होते. त्यांना मी २००७ सालचा नेदरलँड्समधला अभ्यास समजावला: लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायाची कळ आधी थांबली, पण वर्षाअखेरीला दोन्ही गटांतले जवळजवळ सारखेच, सुमारे ९५ टक्के बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, हेही सांगितलं, कारण ते लपवणं बरोबर नाही. त्याच्या पावलातली ताकद शाबूत होती, म्हणून त्याने थांबायचं ठरवलं. सातव्या आठवड्यात कळ कंबरेपर्यंत आली आणि मग तीही गेली. बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं.

अंगठा मात्र अजून थोडा बधिर आहे. परवा तो काळजीने विचारत होता. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नसेचे तंतू दुखावले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, आणि कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर जवळपास एक मीटर आहे.